जहाजावर ओळखींची अदलाबदल : जुन्या धाटणीचे विनोदी नाटक कसे रचावे

१९४८ साली हॉलिवूडमध्ये ‘रोमान्स ऑन द हाय सीज’ नावाचा रंगीत चित्रपट आला. डॉरिस डे यांचा तो पहिला चित्रपट. त्याचे कथानक थोडक्यात असे आहे. नवऱ्याचा संशय आलेली एक श्रीमंत बाई न्यूयॉर्कमध्येच लपून त्याच्यावर नजर ठेवायचे ठरवते आणि रिओच्या जलसफरीवर आपल्या नावाने क्लबमधल्या एका गायिकेला धाडते. इकडे बायकोवर तितकाच संशय घेणारा नवरा त्याच जहाजावर एक खासगी गुप्तहेर चढवतो. हेर जिच्या पाळतीवर आहे ती अशिलाची बायको नव्हेच, पण त्याला ते ठाऊक नाही; तो तिच्या प्रेमात पडतो आणि आपण केवढे पाप करतो आहोत या विचाराने झुरत राहतो. तिला खरे सांगायचे आहे, पण खरे न सांगण्याच्या बोलीवरच ती जहाजावर चढली आहे.

हे यंत्र इतके नेटके आहे की ते उलगडून पाहिले तर आपल्यालाही तसे एखादे बनवता येईल, असे पुष्कळ हौशी मंडळींना वाटते. ते खरेही आहे, परंतु बहुतेकजण चुकीच्या टोकापासून सुरुवात करतात. आधी गंमतीदार प्रसंग सुचतात, मग ते एकामागोमाग लावले जातात आणि दुसऱ्या अंकात सगळे ढासळते. अशा दोन संहिता मी स्वतः लिहिल्या, त्यांपैकी एक रीतसर पडली, आणि त्यानंतर माझे एक मत पक्के झाले. ओळखीच्या घोटाळ्याचे नाटक चेहऱ्यांच्या साम्यावर चालत नाही. कोणाला, कोणत्या क्षणी, काय ठाऊक आहे या हिशेबावर ते चालते. पुढील सर्व पायऱ्या हा हिशेब बसवण्याच्या आहेत. दोन अंकांच्या, सुमारे दोन तासांच्या नाटकासाठी त्या लिहिल्या आहेत, परंतु एकांकिकेलाही त्या थोड्याफार फरकाने लागू पडतील.

जातकुळी ओळखून घ्यावी

या विनोदाला अमेरिकेत ‘स्क्रूबॉल’ म्हणतात. हा शब्द बेसबॉलमधला असून अपेक्षेच्या उलट दिशेला वळणाऱ्या चेंडूचे ते नाव आहे. आपल्याकडे ज्याला गुगली समजते त्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. या चित्रपटांचा बहर १९३४पासून पुढे आठ-दहा वर्षांचा. मंदीचे दिवस असल्यामुळे श्रीमंतांची फजिती पाहायला प्रेक्षक उत्सुक होता, आणि १९३४च्या जुलैपासून हॉलिवूडची नीतिसंहिता कडक रीतीने लागू झाल्यामुळे पडद्यावर शारीरिक जवळीक दाखवणे अवघड झाले. मग जवळीक भांडणातून दाखवली जाऊ लागली. म्हणून आपल्या नायक-नायिकेने पहिल्या अंकात एकमेकांशी गोड बोलू नये. त्यांनी खुर्चीवरून, खिडकीवरून, सूपच्या चमच्यावरून भांडावे, आणि त्या दोघांखेरीज सगळ्या जहाजाला कळावे की हे काय चालले आहे.

प्रवास निवडावा

जहाज निवडताना पहिला प्रश्न असा की ते एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्याला जाणारे आहे, की बंदरे घेत फिरणारे सफरीचे आहे. तीसच्या दशकातली वेगवान जहाजे चार-पाच दिवसांत अटलांटिक ओलांडत. या प्रवासात मध्ये कोणी उतरत नाही, कोणी चढत नाही, आणि जमिनीवरून फक्त बिनतारी संदेश येतो. घोटाळा कोंडून ठेवायचा असेल तर हे उत्तम. सफरीच्या जहाजाला मात्र बंदरे असतात, आणि प्रत्येक बंदरावर खरा माणूस येऊन थडकण्याची भीती असते. नवख्या लेखकाने सफरीचे जहाज घ्यावे असे मी सुचवतो, कारण बंदर म्हणजे आयती मुदत, आणि मुदतीशिवाय हे नाटक पुढे सरकत नाही.

या लेखापुरते एक उदाहरण मनात धरू. साल १९३६. न्यूयॉर्कहून कॅरिबियन बेटांकडे निघालेले सफरीचे जहाज, आणि पाचव्या दिवशी लागणारे मार्टिनिक बेट. या बेटावरच्या माँ पेले ज्वालामुखीने ८ मे १९०२ रोजी सँ-पिएर हे शहर काही मिनिटांत उद्ध्वस्त केले आणि सुमारे २८,००० माणसे मरण पावली. सफरीच्या जहाजांवर प्रवाशांसाठी व्याख्याने ठेवण्याची पद्धत होती, त्यामुळे बेट लागण्याच्या आदल्या संध्याकाळी ज्वालामुखीवर एका विद्वानाचे व्याख्यान ठेवलेले आहे असे मानण्यात काहीच ओढाताण नाही. तो विद्वान जहाजावर पोहोचलेलाच नाही. त्याच्या खोलीत शिरला आहे एक विमा एजंट, जो सावकारांना चुकवून पळतो आहे.

ओळख कागदावर असते

जहाज हे गाव नव्हे. गावात माणूस चेहऱ्याने, आडनावाने, आजोबांच्या नावाने ओळखला जातो. जहाजावर तो चार गोष्टींनी ओळखला जातो: प्रवाशांची छापील यादी, खोलीची किल्ली, भोजनगृहातली ठरलेली जागा आणि पासपोर्ट. यादी सुबक पुस्तिकेच्या रूपात छापलेली असे. त्यात जे नाव आहे ते खरे, असे पर्सरपासून (प्रवाशांचे कागद व हिशेब सांभाळणारा अधिकारी) स्टुअर्डपर्यंत (प्रवाशांची सेवा करणारा नोकर) सर्वजण मानून चालतात. म्हणजे आपल्या विमा एजंटाला खोटे बोलावेच लागत नाही. तो किल्ली हातात घेतो, स्टुअर्ड त्याला ‘प्रोफेसर’ म्हणतो आणि काम होते.

लेखकाने या चार कागदांपैकी एकच खोटा ठेवावा आणि बाकीचे तीन त्याच्या मागून आपोआप कसे खोटे होत जातात ते दाखवावे. पासपोर्टची अडचण अशी की त्यावर छायाचित्र असते. म्हणूनही मी कॅरिबियन सफर निवडली, कारण त्या काळी अमेरिकन कायद्यानुसार नागरिकांना शांततेच्या दिवसांत परदेशी जाण्यासाठी पासपोर्ट सक्तीचा नव्हता. ही तांत्रिक बाब पहिल्याच प्रवेशात पर्सरच्या तोंडी एका वाक्यात टाकावी, म्हणजे तिसऱ्या रांगेतला शंकेखोर प्रेक्षक गप्प बसतो.

पासपोर्टचाच विनोद करायचा असेल तर तो कसा करावा हे मार्क्स बंधू या विनोदी नटांच्या ‘मंकी बिझनेस’ या चित्रपटामध्ये, म्हणजे १९३१ सालीच, दिसले आहे. जहाजावर लपून आलेले चौघे भाऊ मोरिस शव्हालिए या फ्रेंच गायकाचा पासपोर्ट मिळवतात, आणि प्रत्येकजण पाळीपाळीने तोच पासपोर्ट दाखवून, आपणच शव्हालिए हे सिद्ध करण्यासाठी त्याचे गाणे म्हणतो. चौघांपैकी जो कधी बोलतच नाही तो हार्पो पाठीला ग्रामोफोन बांधून येतो, आणि त्याची चावी संपत आली की आवाज घरंगळतो. चेहरा जुळत नाही हे सर्वांना दिसते आहे. वाद मात्र गाण्यावर चालू आहे. पुरावा जितका अवांतर, तितका हशा मोठा, हे यातून उचलण्यासारखे आहे.

खोटेपणाचे कारण लहान ठेवावे

पात्र तोतयेगिरी का करते याचे कारण पहिल्या दिवशी क्षुल्लक असावे. आपला एजंट पहिल्या रात्री गप्प बसतो, कारण कप्तानाच्या टेबलावर भाजलेले बदक आहे आणि त्याने दोन दिवस नीट जेवण केलेले नाही. उद्या सकाळी सांगू, असे त्याला प्रामाणिकपणे वाटते. सकाळी सूचनाफलकावर व्याख्यानाची जाहिरात लागलेली असते. मोठ्या कारणासाठी खोटे बोलणारा माणूस प्रेक्षकाला लबाड वाटतो, बदकासाठी बोलणारा आपल्यातला वाटतो.

दुसरी तोतयेगिरी हेतुपुरस्सर असावी, म्हणजे दोन्हींची चव वेगळी राहते. येथे साबणाच्या कारखानदाराची एकुलती मुलगी आपल्या सेक्रेटरीशी जागा बदलून प्रवास करते आहे. कोणी पैशाकडे न पाहता आपल्याशी बोलेल का हे तिला पाहायचे आहे. तिने आपला हिरवा कोट सेक्रेटरीला दिला आहे. तिसरे पात्र म्हणजे वडिलांनी मुलीच्या मागावर पाठवलेला हेर, ज्याला जाताना मुलीची एवढीच खूण सांगितली होती: हिरवा कोट.

तोतये दोन, आणि चुकीच्या माणसामागे लागलेला एक. याहून अधिक नकोत. कोणी म्हणेल की कप्तानही तोतया निघाला तर किती मजा येईल, येणार नाही. कोणीतरी खरे असल्याशिवाय खोट्याला भाव नाही. सफरीत एक रात्र वेशभूषेच्या नाचाची असे, आणि ती नाटकात घ्यायचा मोह प्रत्येकाला होतो. घ्यावी, परंतु पाच मिनिटांसाठी. सगळ्यांनीच मुखवटे घातले की आपल्या दोन मुखवट्यांची किंमत शून्य होते.

हिशेबाची वही

आता मुख्य काम. मोठा ड्रॉइंग पेपर घ्यावा, वरच्या ओळीत पात्रांची नावे आडवी लिहावीत, डाव्या बाजूला प्रवेशांचे क्रमांक उभे लिहावेत, आणि प्रत्येक चौकटीत त्या पात्राला त्या प्रवेशाच्या शेवटी काय खरे वाटते ते पेन्सिलीने लिहावे. पेन्सिलीनेच, कारण ते वीसदा खोडावे लागते.

नमुन्यादाखल दुसऱ्या संध्याकाळची ओळ पाहू. एजंटाच्या मते कोटवाली श्रीमंत आहे आणि साध्या पोशाखातली तिची नोकर. साध्या पोशाखातल्या मुलीच्या मते एजंट हा पैशाची पर्वा नसलेला विद्वान आहे. कोटवालीला आपल्या सोंगाचे खरे ठाऊक आहे, परंतु हेर आपल्याकडे पाहतो तो प्रेमाने, असा तिचा समज आहे. हेराच्या मते कोटवाली हीच मुलगी, आणि तिच्या सेक्रेटरीशी गुलूगुलू बोलणारा प्रोफेसर तिला पळवण्याचा कट रचतो आहे. स्टुअर्डने प्रोफेसरची बॅग उघडी पाहिली आहे. तीत विम्याचे कोरे अर्ज आहेत. त्याने अर्थ असा लावला आहे की ज्वालामुखीवर काम करणारा माणूस स्वतःचा विमा फारच गंभीरपणे घेत असणार. कप्तानाला काहीच शंका नाही.

ही ओळ वाचताना दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली, प्रत्येक चौकटीत निदान एक चुकीची समजूत आहे का? ज्याची एकही समजूत चुकीची नाही ते पात्र त्या प्रवेशात निव्वळ बाक अडवून बसलेले असते. दुसरी, आधीच्या ओळीपेक्षा या ओळीत काय बदलले? एकाही चौकटीत बदल नसेल तर तो प्रवेश, त्यातली वाक्ये कितीही चुरचुरीत असली तरी, काढून टाकावा. माझ्या पडलेल्या नाटकात असे चार प्रवेश होते. प्रत्येकात टाळ्या घेणारे एकेक वाक्य होते आणि त्या वाक्यांच्या प्रेमापोटी मी ते ठेवले. प्रयोगात त्याच चार ठिकाणी खोकला ऐकू आला.

प्रेक्षकाची चौकटही वहीत असावी, आणि ती शक्यतो नेहमी पूर्ण भरलेली असावी. या प्रकारात प्रेक्षकापासून गुपिते ठेवणे बहुधा महागात पडते. दाराआड कोण आहे हे ठाऊक असलेला प्रेक्षक दार उघडण्याआधीपासून हसतो आणि उघडल्यावर पुन्हा हसतो. ठाऊक नसलेला प्रेक्षक एकदाच दचकतो.

याचा सर्वांत सुंदर दाखला मला दिग्दर्शक प्रेस्टन स्टर्जेस यांच्या १९४१च्या ‘द लेडी ईव्ह’ या चित्रपटात सापडतो. ॲमेझॉनच्या खोऱ्यात वर्षभर सापांचा अभ्यास करून परतणारा, बिअरच्या कारखान्याचा वारस असलेला भोळा तरुण जहाजावर चढतो आणि पत्त्यांत लुबाडणाऱ्या बापलेकीच्या तावडीत सापडतो. भोजनगृहात तो पुस्तकात डोके घालून बसला आहे आणि सगळ्या बायका त्याचे लक्ष वेधण्याची खटपट करीत आहेत. नायिका त्याच्याकडे पाठ करून बसलेली. ती पावडरच्या डबीचा आरसा डोळ्यांपुढे धरते, आणि त्या इवल्याशा आरशात आपल्याला एकेका बाईचा प्रयत्न दिसतो, सोबत नायिकेचे चालू समालोचन. कोण रुमाल पाडणार, कोण ओळख काढणार, हे ती आधी सांगते आणि मग ते घडते. शेवटी तो उठून जाऊ लागतो तेव्हा ती शांतपणे पाय पुढे करते, तो कोसळतो, आणि आपली टाच मोडली म्हणून तीच त्याच्यावर डाफरते. प्रेक्षक आरशाच्या बाजूला बसला आहे. नायकाला आरसा आहे हेच माहीत नाही. वहीतल्या दोन चौकटींमधला फरक इतक्या कमी सामानात दाखवलेला मी अन्यत्र पाहिलेला नाही.

याच चित्रपटाच्या उत्तरार्धात तीच मुलगी इंग्लिश उमरावाच्या घरची बाई म्हणून त्याच्या घरी येते, कसलेही वेषांतर न करता. त्याचा रक्षक ओरडून सांगतो की ही तीच आहे. नायक मात्र असा तर्क लढवतो की फसवायचे असते तर तिने निदान केस तरी रंगवले असते. ज्या अर्थी ती इतकी सारखी दिसते, त्या अर्थी ती वेगळीच असली पाहिजे. चेहऱ्याचे साम्य हे घोटाळ्याचे कारण नसून घोटाळा टिकवणारा पुरावा ठरते. मघाशी केलेला दावा मी याच प्रवेशाच्या बळावर केला आहे.

मराठी वाचकाला येथे गो. ब. देवलांची तसबीर आठवल्याशिवाय राहणार नाही. मोलिएर या फ्रेंच नाटककाराच्या कथानकावरून त्यांनी १८९३च्या सुमारास लिहिलेल्या गद्य नाटकाच्या नावातच ‘तसबिरीचा घोटाळा’ होता आणि तेच पुढे १९१६ साली ‘संशयकल्लोळ’ म्हणून गाजले. ‘द लेडी ईव्ह’मध्येही पर्सरजवळ त्या लुबाडणाऱ्या बापलेकीचे एक छायाचित्र असते. फरक असा की देवलांची तसबीर हातोहात फिरते आणि प्रत्येक हातात नवा संशय पेरते, तर पर्सरचे छायाचित्र एकदाच दिसते आणि प्रेमच मोडते. आपल्या नाटकात एखादी वस्तू असेल, आणि ती असावीच, तर ती फिरणारी आहे की फुटणारी, हे आधी ठरवून घ्यावे. आपला हिरवा कोट फिरणारा आहे.

दोन अर्थांचे संवाद

तोतया पात्राने शक्यतो खोटे बोलू नये. त्याने खरेच बोलावे, ऐकणाऱ्याने ते चुकीचे समजावे. कप्तानाच्या टेबलावरचा हा तुकडा पाहा.

कप्तान : पहिला धूर दिसतो तेव्हा लोक काय करतात, प्रोफेसर?
एजंट : दुर्लक्ष करतात. मग धावत आमच्याकडे येतात. तोवर उशीर झालेला असतो.
कप्तान : आणि नुकसान? अंदाज करता येतो?
एजंट : कागद पाहिल्याशिवाय मी कधीच आकडा सांगत नाही.
कप्तान : आपण स्वतः अशा किती आगी जवळून पाहिल्या असतील!
एजंट : एकही नाही, साहेब. मी नेहमी दुसऱ्या दिवशी पोहोचतो.
कप्तान : (बाकीच्यांना) पाहिलंत? खरा विद्वान असाच नम्र असतो.

एजंट एक अक्षरही खोटे बोललेला नाही. असा तुकडा लिहिण्याची रीत सोपी आहे: दोन्ही व्यवसायांचे शब्द दोन रकान्यांत लिहावेत, आणि जे शब्द दोन्हीकडे आले तेवढेच वापरावेत. येथे धूर, आग, नुकसान आणि कागद एवढ्यांवर भागले.

आता मराठीचे काही खास फायदे, जे मूळ इंग्रजी नाटककाराला मिळत नाहीत. इंग्रजीत सर्वांना एकच सर्वनाम पुरते; मराठीत तू, तुम्ही, आपण यांतला प्रत्येक बदल ओळखीवर बोट ठेवतो. सेक्रेटरीने सोंगाप्रमाणे मालकिणीला ‘तू’ म्हणायचे आहे, आणि ते तिच्या जिभेवर चढत नाही. तिने ‘तू जरा माझा कोट घेऊन... याल का?’ म्हणावे आणि सावरून घ्यावे. हे वाक्य भाषांतरात मरून जाईल, मराठी रंगमंचावर मात्र हमखास चालते. दुसरा फायदा क्रियापदाच्या लिंगाचा. बंद दाराआडचा पुरुष बायकी आवाज काढून ‘आले हं’ म्हणेल, पण घाईत ‘आलो’ निसटले की संपले. तिसरा फायदा मला स्वतःला सर्वांत प्रिय आहे: मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते. ‘मी त्या बाईंना काल रात्री डेकवरून’ येथे कोणी वाक्य तोडले, तर पाहिले की ढकलले हे ऐकणाऱ्याने ठरवायचे असते, आणि आपला हेर अर्थातच ढकलले असे ठरवतो. प्रत्येक अंकात असे एखादेच तुटलेले वाक्य ठेवावे.

नेपथ्य आणि दारे

मागे डेकचा कठडा, पुढे दोन खोल्या, चार दारे. एवढे पुरे. पुरुषांच्या जेवणाच्या पोशाखाचा उपयोग करून घ्यावा. संध्याकाळी सगळे काळ्या कोटात सारखेच दिसतात, त्यामुळे पाठमोऱ्या माणसाविषयी गैरसमज होणे स्वाभाविक वाटते. दारे प्रेक्षकांपासून दूर, मागच्या बाजूला उघडणारी असावीत, म्हणजे दाराचे फळकूट आत येणाऱ्याला झाकत नाही. आणि ती खरोखर आपटता आली पाहिजेत, म्हणून दाराचे फ्लॅट (नेपथ्यातल्या भिंतीच्या चौकटी) मागून तिरक्या टेकूंनी व वजनांनी घट्ट बांधावेत.

आमच्या मंडळाच्या एका स्पर्धेच्या प्रयोगात पावसाळी हवेने एक दार फुगले आणि ऐन घाईच्या प्रवेशात उघडेना. आत अडकलेल्या नटाने शेवटी दोन फ्लॅटमधल्या फटीतून, म्हणजे जहाजाच्या भिंतीतूनच, अंग चोरून प्रवेश केला आणि कपडे झटकीत ‘क्षमस्व’ म्हणाला. त्या रात्रीचा तो सर्वांत मोठा हशा होता. पुढल्या प्रयोगांत आम्ही तो मुद्दाम ठेवला आणि एकदाही कोणी हसले नाही. तेव्हापासून मी दारांना आदल्या दिवशी मेण लावून घेतो.

धोका कशाचा असावा

‘एनिथिंग गोज’ या ब्रॉडवेवरच्या संगीत नाटकाच्या मूळ आराखड्यात जहाजावरचे संकट हा कथेचा भाग होता. ८ सप्टेंबर १९३४ रोजी न्यू जर्सीच्या किनाऱ्याजवळ ‘मॉरो कॅसल’ या प्रवासी जहाजाला आग लागून १३७ माणसे दगावली, आणि ती कथा रंगमंचावर आणणे अशक्य झाले. नव्या लेखकांनी संहिता घाईघाईने पुन्हा लिहिली आणि २१ नोव्हेंबरला नाटक उघडले. त्यात तिकिटाविना चढलेल्या नायकाला एका कुप्रसिद्ध गुन्हेगाराच्या जागी गणले जाते, आणि त्याला बेड्या पडण्याऐवजी प्रवासी त्याचा सत्कार करतात. संकट बुडण्याचे होते, ते प्रसिद्धीचे झाले. विनोदी नाटकात धोका अब्रूचा, पैशाचा किंवा प्रेमाचा असावा, जिवाचा नसावा.

आपल्या उदाहरणाला हाच निकष लावला तर एक अडचण दिसते. व्याख्यानाचा विषय २८,००० मृत्यूंचा आहे. एजंट मंचावर उभा राहतो, ज्वालामुखीची माहिती नसल्यामुळे हळूहळू अग्निविम्याकडे वळतो आणि श्रोते अर्ज मागू लागतात, इथवर ठीक आहे, हसे त्याचे आहे. परंतु मेलेल्या माणसांवर एकही वाक्य लिहू नये. उलट मी असे करीन की अर्ज वाटता वाटता एक वृद्ध प्रवासी उठून सांगते की ती त्या गावची आहे आणि तिच्या घराचा विमा कोणी उतरवला नव्हता. दहा सेकंद शांतता. एजंट अर्ज खिशात घालतो आणि त्या प्रवासात पहिल्यांदा आपल्या खऱ्या नावाने बोलायला तोंड उघडतो. नेमका तेव्हाच भोंगा वाजतो, बेट दिसू लागते, सगळे डेककडे धावतात आणि त्याची कबुली एकट्या स्टुअर्डला ऐकू जाते. स्टुअर्डला ती नम्रतेचा आणखी एक नमुना वाटते.

मुंबईहून सुटणारे जहाज घ्यायचे असेल तर

काही मंडळांना परका प्रदेश नको असतो. त्यांना बॅलार्ड पिअरवरून सुटून एडन, सुएझ, पोर्ट सैदमार्गे मार्सेलला जाणारी आगबोट घेता येईल. तिच्यावर स्टुअर्ड म्हणून गोव्याचा तारवटी असणे हे कल्पनेचे काम नाही, तशी मंडळी त्या जहाजांवर मोठ्या संख्येने नोकरीला होती. पण नुसती पाटी बदलून भागत नाही. प्रवास दोन आठवड्यांच्या जवळ जातो, गोऱ्या-काळ्यांचा भेद प्रत्येक टेबलावर येऊन बसतो, आणि पासपोर्ट चुकत नाही. एक सोय मात्र भरपूर आहे: यादीत तीन ‘मि. जोशी’ सहज निघतील.

उलगडा आणि तालीम

शेवटच्या प्रवेशात सगळी गुपिते एका लांब भाषणात फोडण्याची चूक होते. उलगडा लहानापासून मोठ्याकडे, एकेक चौकट पुसत न्यावा: आधी कोट, मग खोली, शेवटी नाव. प्रत्येक पात्राला आपली चूक वेगळ्या कारणाने आणि शक्यतो स्वतःहून कळावी. आणि एखादी चौकट पुसायची राहू द्यावी. ‘द लेडी ईव्ह’चा नायक शेवटी पुन्हा जहाजावर त्याच मुलीला मिठी मारतो, तरीही त्या दोघी एकच होत्या हे त्याला कळलेले नसते. दार बंद होते, त्यातून रक्षक बाहेर सटकतो आणि मघापासूनचे आपले म्हणणे आपल्यालाच ऐकवतो.

वाचनाच्या तालमींत नटांना संवाद पाठ होण्याआधी एक सवय लावावी. प्रवेश संपला की दिग्दर्शकाने थांबवून प्रत्येकाला विचारावे: आत्ता तुला कोण कोण आहे असे वाटते? नटाचे उत्तर वहीतल्या चौकटीशी जुळले पाहिजे. बहुतेक वेळा नट पुढचे जाणून बसलेला असतो आणि ते त्याच्या डोळ्यांत दिसते. कोटवालीकडे पाहताना हेराच्या नजरेत जर जरासुद्धा मिस्कीलपणा आला, तर प्रेक्षक हसायचे थांबतो. आमच्याकडे हेर करणारा नट फार हुशार होता आणि म्हणूनच वाईट हेर होता. शेवटी त्याला पहिल्या अंकापुरतीच संहिता दिली, उरलेली पाने आठ दिवस माझ्या पिशवीत ठेवली, आणि त्या आठ दिवसांत तो अतिशय चांगला हेर झाला.